ब्रेकताई पोहायला शिकली तो उन्हाळा

आमच्या इमारतीखाली बसणाऱ्या इस्त्रीवाल्याने बातमी फोडली ती अशी, की ब्रेकताईला तिच्या सख्ख्या भावाने तलावावर सोडलं आणि गाडी घेऊन तो पसार झाला. बिचारी ओल्या केसांनी बसमधून घरी आली. दुपारपर्यंत या बातमीला हातपाय फुटले. दूधवाल्याच्या तोंडी 'सोडलं'चं 'ढकललं' झालं. तळमजल्यावरच्या रिटायर्ड काकांपर्यंत ती पोचली तेव्हा ताई नाकातोंडात पाणी जाऊन जवळजवळ गेलेलीच होती. काका पडेल चेहरा करून समाचाराला वर गेले, दार खुद्द ताईनेच उघडलं, तेव्हा गडबडून "थोडी साखर मिळेल का?" म्हणाले आणि वाटीभर साखर घेऊन खाली आले. काकांना मधुमेह आहे.

तर आधी खरं काय ते सांगून टाकते. केस ओले होते, बसही खरी. पण सोडून कुणी दिलं असेल तर ताईने भावाला. तो तर गाडी घेऊन तिच्या मागे मागे येत होता, खिडकीतून डोकं काढून "ताई, बस गं, ताई, ऐक गं" करत. आणि बाई ताडताड पुढे चालत होती. ही हकिकत मला तिघांकडून कळली: ताईकडून, तिच्या भावाकडून आणि पुतणीकडून. तिघांचं जिथे जुळलं ते तसंच लिहिते. जिथे जुळलं नाही तिथे मला जे पटलं ते.

ब्रेकताई हे नाव तिला आमच्या गल्लीने दिलं. ती गाडी शिकवते. ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो, आणि तो ब्रेक हा ताईच्या देहाचा भाग आहे असं आम्ही धरून चालतो. ती खुर्चीवर बसून टीव्ही बघत असली आणि पडद्यावर कुणी जोरात गाडी हाकली, तरी तिचा उजवा पाय फरशीत रुततो. लिफ्ट खाली येताना रुततो. एकदा माझ्या घरी पाहुण्यांचं पोर पळत येऊन टेबलाला धडकणार, तर ताईने सोफ्यावर बसल्या जागी असा काही पाय दाबला की पोर खरंच थांबलं. मी स्वतः तिच्याकडेच शिकले. शिकले म्हणजे काय, गिअर मी टाकायचे, ब्रेक ती दाबायची, आणि शेवटी "छान चालवलीस हो" असं तीच म्हणायची.

तिच्या शिकवण्यात एक गोष्ट अशी होती की जिच्यावरून ताई भांडायला उठे: हँडब्रेक. ताईचे विद्यार्थी हँडब्रेक ओढताना त्याचं बटण अंगठ्याने दाबतात, मग ओढतात. आवाज म्हणून होत नाही. "आतले दाते झिजतात," ताई सांगते, "गाडी बंद करताना शेजाऱ्याला कळता कामा नये." पलीकडच्या रस्त्यावर दुसरं ड्रायव्हिंग स्कूल आहे, ते गॉगलसरांचं. गॉगलसर पावसातही गॉगल लावतात. त्यांची शिकवण बरोबर उलट. बटणाला हात लावायचा नाही, दांडा सरळ खेचायचा, कर्रर्र असा आवाज आला पाहिजे. "आवाज आला म्हणजे ब्रेक लागला, जिवाला घोर नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या भागात गाडी उभी राहिली की डोळे मिटून सांगता येतं, हा ताईचा की गॉगलसरांचा. आवाज ऐकला की ताई नुसतं "हं" म्हणते. पण ते 'हं' ऐकावं! सुनेचा पहिला स्वयंपाक चाखल्यावर काही सासवा म्हणतात तसं.

ताईने लग्न केलं नाही. भाऊ, भावजय आणि पुतणी यांच्याबरोबर ती राहते, मागच्या खोलीत. भाऊ तिच्याहून बराच लहान. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून, कानामागे बोट घालून, "टोचतंय का?" असं इतक्या मायेने विचारतो की टोचत असलं तरी लोक नाही म्हणतात. गाडी त्याने हौसेने घेतली, पण चालवायची ताईने. वर्षानुवर्षं हे असंच. भाऊ बाजूला बसणार, मांडीवर थर्मास. भावजय मागे, पायाशी पिशव्या. पुतणी तिच्या बाजूला, कानात गाणी. आणि स्टिअरिंगच्या चाकामागे ताई, ताठ, आरशांकडे बघत. कुणी "जरा जोरात घे ना" म्हणालं तर ती जास्तच हळू घेई. दर उन्हाळ्यात एकदा-दोनदा सहल व्हायची, एवढंच.

या उन्हाळ्यात मात्र त्या घरात काय संचारलं होतं कोण जाणे. पुतणीची परीक्षा संपली आणि दर सुट्टीला गाडी बाहेर. आज टेकडी, पुढच्या वेळी नदीचं वळण, मग कुणाच्या तरी ओळखीची बाग, तिथे झाडावरची फळं स्वतः तोडून खायची. मी गॅलरीत कपडे वाळत घालायच्या निमित्ताने सगळं बघत असे. निमित्त लागतंच, नुसतं उभं राहिलं की लोक नावं ठेवतात. भावजय एरवी उन्हाळ्याच्या दुपारी पडदे ओढून घोरणारी बाई, ती सकाळी सकाळी उकडलेली अंडी डब्यात भरतेय, कलिंगडाच्या फोडी करतेय, डोक्याला रुमाल बांधून जिना उतरतेय. मी विचारलंसुद्धा, "काय हो, डॉक्टरांनी सांगितलंय का?" तर म्हणाली, "अहो, ताईंसाठी! त्या बिचाऱ्या वर्षभर त्याच चार रस्त्यांवर फिरतात. जरा मोकळं वाटू दे."

ताई खुलली होती हो. टेकडीवर चढताना तिने म्हणे सगळ्यांच्या आधी माथा गाठला आणि वरून ओरडली, "ओव्हरटेक करू नका, मी इंडिकेटर दिलेला नाही!" नदीवर तिने पायाचे घोटे भिजवले आणि चपला हातात घेऊन दगडांवरून चालली. उन्हाने नाक लाल झालेलं, आणि तोंडाला खळ नाही. मला जिन्यात अडवून सांगायची, "अगं, उन्हाळा संपताना समुद्रावर जायचंय. लांब आहे, मध्ये एक मुक्काम करावा लागेल. मी रस्ता बघून ठेवलाय, घाट कुठे, वळणं कुठे." समुद्र तिने कधी बघितला नव्हता. आयुष्यभर गाडी चालवली, पण रस्ता शहराबाहेर फारसा गेलाच नाही. म्हणून त्या समुद्रावर तिचा किती जीव जडला होता, ते तिच्या तोंडून ऐकणाऱ्यालाच कळावं. "तिथे पाण्यात उतरायचं म्हणजे आधी पोहायला आलं पाहिजे," ती म्हणाली. "पुतणी शिकवणार आहे."

ही पोहण्याची टूम पुतणीची. पोरगी कॉलेजच्या संघातून पोहते, पाण्यात मासोळी. शहराबाहेरच्या तलावावर ती आत्याला घेऊन जाऊ लागली. उन्हाळ्यात त्या तलावाचं पाणी मागे सरकतं, काठाशी टणक, सपाट जमीन उघडी पडते, मैदानच. मध्ये थोडी झुडपं. झुडपांच्या अलीकडे पाणी कमरेएवढं, तिथे यांचा क्लास.

आता ताई आणि पाणी! पहिल्या दिवशी ती काठावर उभी राहून पाण्याकडे अशी बघत होती, जणू ते उलट्या बाजूने येतंय. पुतणीने हात धरून आत नेलं. "आत्या, पोहणं नंतर. आधी तरंगायचं. पाठीवर पड, मी मानेखाली हात धरते."

"सोडशील."

"नाही सोडणार."

"असं म्हणूनच सोडतात. मीसुद्धा तेच म्हणते आणि स्टिअरिंग सोडते."

"आत्या, कान पाण्यात गेले पाहिजेत. पूर्ण. नाहीतर मान आखडते आणि माणूस बुडतं. कान बुडव, वर आकाशाकडे बघ, आणि कशाचाही विचार करू नकोस."

ताईने कान बुडवले. उजवा पाय पाण्यात आपोआप दाबला गेला. खाली काहीच नव्हतं. पुन्हा दाबला, पुन्हा काही नाही. आणि मग म्हणे तो पाय हळूहळू वर आला, आणि ताई तरंगली.

हे तिने मला सांगितलं तेव्हा आम्ही गच्चीवर होतो, ती तिचा ओला टॉवेल दोरीवर टाकत होती. "काय सांगू तुला," ती म्हणाली. "पाण्यात पाय कशावरच नसतो गं. कान आत गेले की सगळं बंद. नुसतं आभाळ. आणि पोरीचा हात मानेखाली. मला वाटलं, हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?" मी नेहमीप्रमाणे टपली मारली, "ताई, म्हणजे आता ब्रेक फेल?" ती हसली नाही. "फेल तर फेल," म्हणाली. मी कपड्यांचा चिमटा तोंडात धरला. या बाईला मी इतकी वर्षं ओळखते, पण असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मग तलाव हाच कार्यक्रम झाला. टेकडी नको, बाग नको, तलाव. ताई स्वतःच सुट्टीची वाट बघायची. भाऊ म्हणायचा, "तुम्ही पोहा, मी आणि ही जरा सावलीत बसतो." भावजय म्हणायची, "घाई करू नका हो, निवांत डुंबा." पुतणी आत्याला नेहमी एकाच बाजूला तोंड करून झोपवायची, पाय काठाकडे नाही, समोरच्या डोंगराकडे. "तिकडून ऊन डोळ्यात येत नाही," असं कारण. आणि दर थोड्या वेळाने, "आत्या, कान! कान वर येतायत."

एक-दोनदा ताईला खटकलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. परत निघताना ती चाकामागे बसली की आरसा हललेला असायचा. सीट मागे गेलेली. ज्या बाईने पंचवीस-तीस वर्षं रोज पहिलं काम सीट आणि आरसा लावण्याचं केलं, तिला हे कळणार नाही होय? तिने विचारलं. भावजय म्हणाली, "मीच हो, आरशात केस विंचरले." आणि सीट? "जरा पाय लांब करून आडवी झाले होते, ताई. गुडघे दुखतात ना." ताईने सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला, आणि वर "एक उशी आणत जा गं, आरामात पडता येईल" असा सल्ला दिला. पुढच्या खेपेला तिने स्वतःची उशी गाडीत ठेवली. तिच्या मागच्या खोलीतली.

तो दिवस आला तेव्हा ऊन कडक होतं, वारा नाही. ताई पाण्यावर पसरलेली, कान आत, डोळे आभाळात. पुतणीचा हात मानेखाली, पण पोरीचं लक्ष काठावर. कारण काठावर तिचा बाप गाडी उलटी घेत होता आणि मागे बाभळीचं झाड होतं. आई बाजूला उभी राहून दोन्ही हात हलवत होती. गाडी झाडाजवळ, आणखी जवळ. आणि पोरीचा हात मानेखालून निसटला.

ताई बुडाली वगैरे नाही. पाणी कमरेएवढं. ती धडपडून उभी राहिली, नाकातलं पाणी शिंकरलं, ओले केस डोळ्यांवरून मागे केले. आणि नेमक्या त्याच क्षणी, झुडपांच्या पलीकडून, त्या स्तब्ध दुपारी:

कर्रर्र.

पुतणी सांगते, आत्याने आधी "हं" केलं. सवयीने. कुणीतरी गॉगलसरांचा इथे आलाय, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिने मान वळवली. झुडपांतून आपलीच गाडी दिसली. गाडीतून आपलाच भाऊ उतरला, झाड आणि बंपर यांच्यामधलं अंतर बघायला, आणि बायकोला म्हणाला, "बघ! लागली नाही!" एवढा आनंद त्याच्या तोंडावर तिने तो शाळेत असल्यापासून पाहिला नव्हता.

ताई पाण्यातून बाहेर आली. टॉवेलही घेतला नाही. भावाने तिला बघितलं आणि तो खरंच लहानपणी करायचा तसा हात पाठीमागे लपवायला गेला. हातात किल्ली होती.

"कधीपासून?" ताई.

"ताई, तुला सांगणारच होतो."

"कधीपासून विचारलं."

"उन्हाळ्याच्या आधीपासून. म्हणजे क्लास आधी झाला. हे नुसतं... हात बसायला."

"गॉगलकडे?"

"ते दुकानात येतात गं गॉगल दुरुस्तीला. विषय निघाला."

ताई म्हणाली, "मी शिकवत नव्हते का तुला?"

आता भाऊ मऊ माणूस, पण इथे तो उसळला. "शिकवत होतीस! तीनदा बसलीस शिकवायला, तुझ्या स्कूलच्या गाडीत. मी ब्रेक दाबायच्या आत तू दाबायचीस. प्रत्येक वेळी! मला अजून माहीत नाही, मी वेळेत दाबला असता की नाही!"

"मग सांगायचं होतंस, ताई, पाय काढ."

"सांगितलं होतं. तू म्हणालीस काढलाय. आणि दाबलास."

मी भावाच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा, खरं सांगते, मला हसू आलं आणि त्याची बाजूही पटली. माझंही तेच झालेलं. ताईही थोडी गोंधळली म्हणे. तिथेच कदाचित सगळं मिटलं असतं. ताईने चार शब्द सुनावले असते, भावाने कान धरले असते, आणि परतीच्या वाटेवर त्याला चालवायला देऊन तिने बाजूला बसून पायाखालचा पत्रा दाबला असता.

पण भावजय बोलली. समजूत घालायला गेली आणि सगळंच उघड करून बसली. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला वाटलं, तुमच्या मनासारखा उन्हाळा आधी होऊन जाऊ दे. टेकडी झाली, नदी झाली, पोहणं झालं. म्हणजे मग समुद्राच्या वेळी तुम्हाला एवढं लागणार नाही."

"समुद्राच्या वेळी काय?"

भाऊ बोटात किल्ली फिरवू लागला. शेवटी भावजयच म्हणाली, "माझे आईबाबा येतायत ना. गाडीत पाचच जण बसतात."

ताईने मनात हिशेब केला असेल. नवरा, बायको, पोरगी, आई, बाबा. गाडी भरली. चालवायला माणूस घरचाच. तिला तोवर वाटत होतं की आपण गाडी चालवतो म्हणजे आपली जागा पक्की. चाकामागच्या माणसाला कोण उतरवणार? त्यांनी उतरवलं नव्हतंच. नुसतं चाकामागचं माणूस बदललं होतं.

मग ती वळली पुतणीकडे. पोरगी पाण्यातून येऊन, स्वतःला टॉवेलमध्ये गुंडाळून उभी होती, ओठ निळे, एवढ्या उन्हात.

"आणि तू गं? कान बुडव, कान बुडव, ते म्हणून?"

"नाही आत्या! कान बुडवावेच लागतात. खरंच लागतात. कुणालाही विचार."

"आणि तोंड डोंगराकडे?"

पोरगी रडायला लागली. ताई एवढंच म्हणाली, "तुझा हात होता माझ्या मानेखाली." आणि चालायला लागली.

जाताना काठावरची साडी आणि पर्स तेवढी उचलली होती, ओल्या कपड्यांवर ती साडी तिने रस्त्यात गुंडाळली, केस तसेच. मागून गाडी आली. भाऊ पहिल्या गिअरमध्ये, खिडकीतून "ताई, बस गं." माणसाच्या चालीने गाडी चालवणं हे नवशिक्याचं काम नाही. गाडी दर थोड्या अंतरावर हिसका देऊन बंद पडत होती. पुन्हा चालू, पुन्हा हिसका. ताई वळून बघत नव्हती. पण चौथ्या का पाचव्या हिसक्याला तिला राहवलं नाही. रस्त्याकडे बघत, मागे न वळता, ती ओरडली, "अर्धा क्लच, गाढवा!" भावाने अर्धा क्लच धरला, गाडी चालू लागली. तेवढ्यात बस आली, ताईने हात केला आणि चढली. बसमध्ये आमचा इस्त्रीवाला होता. बाकी तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतरचे दिवस आमच्या मजल्यावर शांतता होती, आणि ती काही बरी शांतता नव्हती. एरवी त्यांच्या भिंतीला कान न लावताही ऐकू येई, आता लावूनही येईना. मला, म्हणजे मला, या कटाचा पत्ता नव्हता, याचं मलाही बोचत होतं. पण तो विषय निराळा. ताई कामाला जायची, यायची, जेवणाचं ताट मागच्या खोलीत न्यायची. उशी गाडीतून परत आणली होती. पुतणी दारावर टकटक करून "आत्या, तलावावर जाऊ या? आपण दोघीच?" म्हणाली, तर आतून "माझे कान दुखतायत" एवढंच उत्तर.

कामावर तर गंमतच झाली, म्हणजे गंमत म्हणायची तर. एक दातांचे डॉक्टर तिच्याकडे शिकत होते. वळणावर कचऱ्याचा डबा होता, डॉक्टर सरळ डब्यावर गेले, डबा आडवा, केळ्यांच्या साली काचेवर. डॉक्टर पांढरेफटक. "ताई, मला वाटलं तुम्ही दाबाल!"

"सगळ्यांना तसंच वाटतं," ताई म्हणाली. पाय तिने सीटखाली दुमडून घेतला होता.

त्याच रस्त्यावर गॉगलसर भेटले. ताईने गाडी थांबवायला लावली आणि खिडकी खाली केली. सरांनी चक्क गॉगल काढला. त्यांचे डोळे आमच्यापैकी कुणी पाहिले नव्हते. ताई म्हणते, बारीक आणि घाबरट आहेत. "बाई, तुमच्या भावाचा पाय चांगला आहे हो," सर म्हणाले. "आणि तुमचं मन मोठं. तुम्ही स्वतः पाठवलंत माझ्याकडे. मी सगळ्यांना सांगतो."

"मी पाठवलं?"

"ते म्हणाले, ताईनेच पाठवलंय, घरचा माणूस घरच्याला शिकवू शकत नाही म्हणून."

मला हे सांगताना ताईचा आवाज पहिल्यांदा फाटला. "शिकायला दुसरीकडे गेला, माझी जागा दुसऱ्याला दिली, पाण्यात मला गप्प ठेवलं," ती म्हणाली. "तेही एक वेळ गिळलं असतं. पण वर माझंच नाव सांगून गेला." माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, चहा निवला होता. मला काही विनोद सुचेना. आणि सुचला असता तर केला असता, म्हणून बरं झालं.

मी भावाला गॅलरीतून गाठलं आणि तोंडसुख घेतलं. "अहो चष्मेवाले, लोकांना दूरचं दाखवता, घरातलं जवळचं दिसत नाही होय?" त्याने मान खाली घातली. म्हणाला, "वहिनी, एकदाच मला वाटलं होतं की आपण आपल्या माणसांना घेऊन जावं. चालवत." मी म्हटलं, "आणि ती कोण आहे मग?" त्याने हँगरवर शर्ट तीनदा उलटा अडकवला.

घरात काहीतरी हललं असणार. कारण समुद्राच्या सकाळी मी गॅलरीत आले (कपडे नव्हते वाळत घालायला, नुसतीच आले) तेव्हा खाली गाडी उभी होती आणि तिच्यात मागे भावजय आणि तिची आई, दोघीच बसल्या होत्या. बाबा नव्हते. त्यांच्या म्हणे एकाएकी लक्षात आलं की त्यांना प्रवास सोसत नाही. पुढची जागा रिकामी होती. रिकामी म्हणजे पुसून, झटकून, सीट बरोबर ताईच्या मापाला पुढे ओढून. भाऊ दार धरून उभा. पुतणी जिन्याच्या तोंडाशी.

ताई खाली आली. कामावर जायच्या कपड्यांत. हातात डबा, खांद्याला रोजची पर्स.

"ताई, बस," भाऊ म्हणाला. "तुझी जागा ठेवलीय. तू बस नुसती, आराम कर. समुद्र बघायचाय ना तुला?"

ताईने गाडीभोवती एक फेरी मारली. चाकांना पाहिलं. मागचा दिवा बोटाने पुसला. भावाला म्हणाली, "घाटात दुसऱ्या गिअरवर ठेव. उतारावर ब्रेकवर पाय धरून राहू नकोस, तापतात." शिकाऊ माणसाला सांगते त्याच आवाजात, जास्त नाही, कमी नाही. भावजय मागून म्हणाली, "ताई, किती विनवायचं हो?" ताईने खांद्यावरची पर्स सारखी केली.

भावाने डोळे पुसले आणि चाकामागे जाऊन बसला. ताई गेटकडे निघाली, तशी पुतणी पळत जाऊन तिच्या पर्सचा पट्टा धरून उभी राहिली. "आत्या, तू नाही आलीस तर मी पण नाही जाणार. अजून रागावलीयस ना तू? सांग ना. रागावलीयस ना?"

ताईने पट्टा सोडवून घेतला.

"रागावले असते तर पुढे येऊन बसले असते गं, आणि समुद्र येईपर्यंत तुझ्या बापाला शिकवत राहिले असते. जा तुम्ही."